घंटा की स्टार? तिसरीचा वर्ग हाती घेण्याआधी

टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारी केलेल्या माणसाला पाव्हलोव्हचा कुत्रा आणि स्किनरचा उंदीर नव्याने सांगायची गरज नसते. कुत्रा म्हटलं की अभिजात अभिसंधान (घंटेपाठोपाठ अन्न येत राहिलं की पुढं नुसत्या घंटेनंही लाळ सुटणं), उंदीर-कबूतर म्हटलं की साधक अभिसंधान (केलेल्या कृतीवर दाणा मिळाला की ती कृती पक्की होणं), मांजर म्हटलं की थॉर्नडाइक, चिंपांझी म्हटलं की कोहलर. चार पर्याय, एक गोल काळा केला की गुण पदरात. खरा प्रश्न नंतर पडतो. शिक्षणसेवक म्हणून नेमणूक होते, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली एखादी द्विशिक्षकी शाळा मिळते, तिसरी-चौथी एकत्र बसलेली असते आणि ‘गणिताची वही काढा’ म्हटलं की निम्मी लेकरं खाली मान घालतात. अशा वेळी पाव्हलोव्ह आणि स्किनर या दोघांपैकी कुणाचं ऐकायचं?

मी दोघांचंही ऐकून पाहिलंय. आज माझा वर्ग बराचसा एकाच्याच सांगण्यावर चालतो. कुणाच्या, ते वाचता वाचता कळेलच. पण दुसऱ्याची बाजूही आधी नीट मांडतो, कारण ती लेचीपेची नाही आणि काही वर्गांना तीच जास्त लागू पडेल.

पुस्तकातला फरकाचा तक्ता बाजूला ठेवला, तर वर्गात उभं राहिल्यावर फरक एवढाच उरतो. लेकरानं काही करायच्या आधी त्याच्यासमोर काय येतं, हे पाव्हलोव्ह बघायला लावतो. लेकरानं काही केल्यानंतर त्याच्या पदरात काय पडतं, हे स्किनर बघायला लावतो. पहिल्याचं ऐकायचं तर तास सुरू होण्याआधीची वेळ, जागा, आवाज, आपला चेहरा हे सगळं हाताळावं लागतं. दुसऱ्याचं ऐकायचं तर शाबासकी, गुण, बक्षीस, खेळायची सुट्टी यांची व्यवस्था लावावी लागते. बाकी सगळा तपशील या एका फरकातून निघतो.

पाव्हलोव्ह काही मुलांच्या शिकण्याचा विचार करत बसलेला माणूस नव्हता. तो शरीरक्रियेचा अभ्यासक होता. त्याला १९०४ साली नोबेल मिळालं तेही पचनावरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ थेंबाथेंबानं मोजताना त्याच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीनं लाळ सुटते. प्रयोगांत तो मेट्रोनोमची टिकटिक वगैरे वापरत असे. आपल्याकडे मात्र घंटाच प्रसिद्ध झाली. शाळेत घंटा असतेच, त्यामुळे मीही तक्रार करत नाही. महत्त्वाची गोष्ट ही की शिकणं ही मोजता येणारी घटना झाली ती तिथून. विलोपन (शिकलेली प्रतिक्रिया विझणं), सामान्यीकरण (मिळत्याजुळत्या गोष्टीलाही तीच प्रतिक्रिया), भेदन (दोन गोष्टींतला फरक ओळखणं), उत्स्फूर्त पुनःप्राप्ती (विझलेली प्रतिक्रिया पुन्हा उगवणं) हे शब्द आपण स्किनरच्या प्रकरणातही वाचतो, पण ते घडले पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेत. त्या अर्थानं स्किनरचं घर पाव्हलोव्हनं घातलेल्या जोत्यावर उभं आहे.

आता स्किनरचं जे चांगलं आहे ते.

१९५३ मध्ये तो आपल्या मुलीच्या शाळेत गणिताच्या तासाला जाऊन बसला. दोन गोष्टी त्याला खटकल्या. सगळ्या मुलांना एकाच गतीनं पुढं जावं लागत होतं, आणि आपलं उत्तर बरोबर आहे की चूक हे कळायला मुलांना फार वाट पाहावी लागत होती. त्यातून त्यानं शिकवण्याची यंत्रं तयार केली. ती यंत्रं मागं पडली, पण त्याची तक्रार आजही आपल्या प्रत्येक वर्गात तशीच आहे. वह्यांचा गठ्ठा घरी न्यायचा, सवडीनं लाल खुणा करून परत आणायचा, आणि तोवर लेकरू ते गणित पार विसरलेलं असतं. मी फळ्याशेजारी उत्तरांचा कागद उलटा टांगून ठेवतो. गणित झालं की मुलं उठून स्वतः बघून येतात. काही जण आधीच बघतात, ते मला माहीत आहे. तरीही ही सोय मी काढणार नाही, आणि तिचं श्रेय स्किनरचंच आहे.

तीच गोष्ट अक्षराची. एकदम सुंदर अक्षराची अपेक्षा न धरता, आधी शिरोरेघ सरळ आली तरी शाबास, मग अक्षर रेघेला टेकलं तर शाबास, मग काना-मात्रा जागेवर आल्या तर शाबास, असं पायरीपायरीनं वर नेता येतं. जे वागणं अजून अस्तित्वातच नाही, ते उभं करायला स्किनरइतका उपयोगी माणूस नाही. खिचडीच्या आधी रांगेत हात धुणं, चपला ओळीत काढणं, गृहपाठाची वही आठवणीनं आणणं, या सगळ्या कामांत त्याचाच हात धरावा. इथं पाव्हलोव्हकडं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

आणखी एक, थोडं व्यवहाराचं. कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेल्या छोट्या अभ्यासाचा, अहवाल द्यायचा असेल तर स्किनर घ्या. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, स्तंभालेख, सगळं कसं चौकटीत बसतं. ‘मुलांना आता गणिताच्या तासाला पोटात गोळा येत नाही’ याचा स्तंभालेख कसा काढणार? केंद्रप्रमुखांना फाईल लागते आणि फाईलला आकडे लागतात.

मग माझं बिनसलं कुठं? स्टारच्या तक्त्यावर.

तक्ता तुम्ही पाहिलाच असेल, बहुतेक शाळांत एखादा असतोच. कार्डशीटवर मुलांची नावं, पुढं चौकोन, पाढा म्हटला की एक स्टार, गणितं सुटली की एक, महिन्याच्या शेवटी सर्वांत जास्त स्टारवाल्याला कंपासपेटी. सुरुवात झकास होते. वर्गात चैतन्य येतं, एरवी मागं बसणारी पोरंही हात वर करतात. मग हळूहळू एक प्रश्न सुरू होतो. मी फळ्यावर गणित लिहून खडू खालीही ठेवलेला नसतो, तेवढ्यात मागून आवाज येतो, “सर, याला किती स्टार भेटणार?”

एक म्हटलं की अर्ध्या वर्गाला ते गणित अवघड वाटायला लागतं. दोन म्हटलं की उद्यापासून दोनाचाच भाव. कुणी म्हणतं, “त्यानं माझं बघून केलंय, त्याचा काढा.” कुणी म्हणतं, “मला कामून नाही?” शाळा सुटल्यावर एखाद्या लेकराची माय दारात उभी, की आमच्या पोरीला परवाचा स्टार दिला नाही म्हणून ती जेवली नाही. मधली सुट्टी त्या तक्त्याचा हिशेब मिटवण्यात जायला लागते. गणित शिकवायला आलेला माणूस मुनीम होऊन बसतो.

आणि हा हिशेब माणूस हजर असल्याशिवाय चालत नाही. आपल्या नोकरीत हजेरीचा भरवसा किती, ते तुम्हाला सांगायला नको. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम निघतं, निवडणूक लागते, कुठलं तरी प्रशिक्षण येतं. दुसरे सर चार वर्ग सांभाळत असतात, ते कुठून स्टार चिकटवणार? परत आल्यावर पहिला निरोप हाच, “सर, मंगळवारचे बाकी हायेत.” मधल्या दिवसांत पाढे मात्र कुणी म्हटलेले नसतात, कारण द्यायलाच कुणी नव्हतं. मला खटकलं ते हेच. व्यवस्था चांगली होती, मुलंही चांगली होती, पण देणारा हात दूर झाला की सगळं जागच्या जागी थांबायचं.

स्किनरची बाजू घेणारा इथं म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की तुम्ही दर वेळी देता म्हणून असं होतं. फेर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या, म्हणजे बक्षीस कधी आणि किती वेळा द्यायचं याच्या, वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथच काढलाय. दाणा दर वेळी न देता अनियमित अंतरानं दिला, तर कबूतर जास्त चिकाटीनं टोचत राहतं आणि दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ थांबत नाही. हे पक्कं आहे. मी तसंही करून पाहिलं. पण स्किनरच्या पेटीत कबूतर एकटं असतं. शेजारच्या कबुतराला आत्ता दाणा मिळाला आणि आपल्याला नाही, हे त्याला दिसत नाही. माझ्या वर्गात ते सगळ्यांना दिसतं. अनियमित बक्षीस म्हणजे मुलांच्या भाषेत सरांची लाडकी पोरं, बाकी काही नाही. एकदा तो शिक्का बसला की शाबासकीचीही किंमत जाते.

याला पुस्तकातला आधारही आहे, माझ्या अनुभवापेक्षा जास्त भक्कम. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग. मुलं अशी निवडली होती की ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. पुढं मोकळ्या वेळेत, बक्षिसाचा विषय नसताना पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. अर्थात हे मुळात आवडणाऱ्या कामाबद्दल आहे. ज्याला पाढे आवडतच नाहीत त्याचं स्टारमुळं आणखी काय बिघडणार, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण तिसरीच्या वर्गात मुळात गणित आवडणारी दोन-चार लेकरं असतातच. त्यांनाही “याला किती?” विचारताना ऐकलं की जीव हळहळतो.

एवढं सांगून हेही सांगतो की आमच्याच केंद्रातल्या एका मॅडम हा तक्ता फार सुंदर चालवतात. त्यांचा पट लहान आहे, त्यांना शाळाबाह्य कामं कमी लागतात आणि त्यांचा हिशेब चोख आहे. तुमचं तसं असेल तर माझी कुरकुर सोडून द्या.

आता पाव्हलोव्हची बाजू, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

प्रत्येक वर्गात एक करंगळीवालं लेकरू असतं. भाषेच्या तासाला ठीक, परिसर अभ्यासाला ठीक, गणिताची वही निघाली की करंगळी वर. “सर, एकीला जाऊ?” जातं, तास संपता संपता परत येतं. आपण म्हणतो, चुकार आहे. तक्त्याची पद्धत म्हणते, जो तासभर बाहेर जाणार नाही त्याला स्टार द्या. लेकरू स्टारसाठी बसतंही. पण बसून काय करतं ते बघा. पेन्सिलीला टोक काढतं, पुसतं, पुन्हा टोक काढतं. वर्गात आहे, तासात नाही.

मॉरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये याची फार नेमकी फोड केली. त्याचं म्हणणं असं की टाळण्याचं वागणं दोन टप्प्यांत शिकलं जातं. आधी भीती बसते, ती पाव्हलोव्हच्या रीतीनं: वही निघते, पाठोपाठ ओरडा किंवा हसं, असं होता होता नुसती वही दिसली तरी पोटात गोळा. मग सुटका शिकली जाते, ती स्किनरच्या रीतीनं: बाहेर गेलं की गोळा विरतो, म्हणून बाहेर जाणं पक्कं होतं. स्टार दुसऱ्या टप्प्याला हात लावतो. पहिला टप्पा तसाच राहतो. आणि बाहेर पळून गेल्यामुळं लेकराला हे कधी कळतच नाही की आज कुणी ओरडणार नव्हतं.

हे वाचल्यावर माझा कल बदलला. मुळाशी जी भीती आहे ती पाव्हलोव्हच्या वाटेनं आत आली असेल, तर तिला बाहेर काढायचं ते त्याच वाटेनं.

वाट दाखवली ती मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्याआधी १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या पोराला पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागं लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असं करून त्याला उंदराची भीती घातली होती. ती सशापर्यंत, केसाळ कोटापर्यंत पसरली, आणि ती काढून टाकायच्या आधीच पोर दवाखान्यातून गेलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. जोन्सबाईंनी १९२४ मध्ये उलटं केलं. पीटर नावाचं तीनेक वर्षांचं पोर सशाला भ्यायचं. त्याला आवडीचं खायला देऊन बसवायचं, ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. खाण्यात खंड पडत नाही एवढ्याच बेतानं ससा जवळ आणायचा. सोबतीला सशाला न भिणारी मुलं. शेवटी पीटर सशाला हात लावून खेळायला लागला. पुढं १९५८ मध्ये वोल्पेनं भीतीवरच्या उपचाराची पद्धत पायरीपायरीनं बांधून दाखवली, तिचं मूळ इथंच आहे.

जोन्सबाईंनी एक इशाराही दिलाय, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. घाई केली तर उलटं घडेल: सशाची भीती जायच्याऐवजी खाण्याचीच भीती बसेल. वर्गात हे फार सहज होतं. खेळ आवडतो म्हणून खेळाच्या तासात पाढे घुसवले, की पाढे आवडत नाहीत ते नाहीतच, खेळही नकोसा होतो.

म्हणून मी जे केलं ते अगदी मुंगीच्या पावलानं. गणिताच्या वेळेला मुलांना लिंबाखाली नेलं, वह्या वर्गातच ठेवल्या. चिंचोके घेतले. नुसते वाटे घालायचे, कुणाचा वाटा जास्त भरला ते बघायचं, प्रश्न नाही, उत्तर नाही. मग वाटे मोजायचे. मग कुणीतरी काडीनं मातीत आकडा लिहायचा, ज्याला वाटेल त्यानं. मग पाटी. वही सर्वांत शेवटी, आणि तीही आधी फक्त चिंचोक्यांचं चित्र काढायला. कुठल्या पायरीवर एखादं लेकरू गप्प झालं, चिंचोके नुसतेच चाळवायला लागलं, की सगळा वर्ग एक पायरी मागं. आठवडे गेले. दुसरे सर गमतीनं म्हणायचे, “तुमची तिसरी अजून बालवाडीतच हाय का?” मला उत्तर नव्हतं, पण करंगळ्या कमी झालेल्या दिसत होत्या. मोजल्या नाहीत. मोजायला गेलो असतो तर पुन्हा तक्ताच झाला असता.

आणि जो फायदा मला सर्वांत पटला तो असा, की मी नसलो तरी हे चालू राहिलं. निवडणुकीच्या कामाला गेलो तेव्हा मुलं त्या वेळेला आपणहून लिंबाखाली गेली होती. बाकी राहिलेलं काही नव्हतं. वेळ तीच, जागा तीच, चिंचोके तेच. ही जोडणी एकदा बसली की ती देणाऱ्या हातावर अवलंबून राहत नाही.

याच वाटेवर रेस्कोर्ला या मानसशास्त्रज्ञाचं काम वाचावं. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्यानं दाखवलं की दोन गोष्टी नुसत्या जवळजवळ घडून भागत नाही, पहिल्या गोष्टीवरून दुसरीचा अंदाज यायला हवा. याचा वर्गातला अर्थ मला बराच उशिरा उमगला. जे गुरुजी फक्त गृहपाठ न केल्यावर रागावतात, त्यांच्या वर्गात मुलं गृहपाठ नसलेल्या दिवशी घाबरतात, एरवी निवांत असतात. जे कधी रागावतील याचा नेमच नाही, त्यांच्या वर्गात कुठलीच एक खूण धोक्याची ठरत नाही, त्यामुळे सगळा वर्गच धोक्याचा होतो. भिंती, बाक, हजेरीपट, सगळं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं, छड्या गेल्या. लहरी आवाज मात्र कलमात पकडता येत नाही.

पाव्हलोव्हच्या बाजूची अडचणही सांगायला हवी. भीती गेली असं वाटतं, ती दबलेली असते. विलोपन म्हणजे पुसून टाकणं नव्हे, हे पाव्हलोव्हनं स्वतःच दाखवलं: मध्ये काही काळ गेला की विझलेली प्रतिक्रिया आपोआप डोकं वर काढते. उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा भरली की मला हे दर वर्षी दिसतं. मार्चमध्ये धीट झालेलं पोर पहिल्या आठवड्यात पुन्हा खाली मान घालून बसतं. पीटरचंही मध्ये तसंच झालं होतं. त्याला लाल तापासाठी दवाखान्यात ठेवलं, परतताना मोठा कुत्रा अंगावर आला, आणि सशाची भीती परत. फक्त दुसऱ्या वेळी पायऱ्या लवकर चढल्या जातात, असा माझा अनुभव आहे.

भीती किती खोल जाते याची आम्हा लातूर-धाराशिवकडच्या लोकांना वेगळी साक्ष नको. माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, तीच घरं माणसांवर पडली. माझी आजी वाचली, पण त्यानंतर कुठल्याही माळवदाखाली झोपली नाही. पत्र्याच्या शेडात उन्हाळे काढले. रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि भांडी किणकिणली की ती उठून अंगणात. पुढं पाव्हलोव्हबद्दल वाचताना १९२४ च्या लेनिनग्राडच्या पुराची हकीकत समोर आली. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं, कुत्री जेमतेम वाचली, आणि कितीतरी कुत्र्यांनी आधी शिकलेलं सगळं गमावलं. नंतर शिकवून पुन्हा ताळ्यावर आणलेल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसतं थोडं पाणी सोडलं, तर ते पुन्हा बिथरलं. आजीला ‘नव्या घरात झोपलीस तर अमुक देतो’ म्हणून काही उपयोग झाला असता का? मला नाही वाटत.

पाव्हलोव्हच्या उणिवा एवढ्यावर संपत नाहीत. बारा नव्वे किती, हे तो शिकवू शकत नाही. त्याच्या रीतीनं लेकरू फक्त तयार होतं, उत्तर देत नाही. आणि सगळ्याच जोड्या सारख्या जुळत नाहीत. गार्सिया आणि केलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांवर दाखवलं की पोट बिघडण्याशी चव चटकन जोडली जाते, दिवा किंवा आवाज जोडला जात नाही. खिचडीत एकदा मटकी बाधली की ते लेकरू वर्षभर मटकीला शिवत नाही, पण त्याच वाढपी ताईंच्या हातचा भात आनंदानं खातं. भूगोल मात्र असा एका फटक्यात कुणाला चिकटलेला मी पाहिला नाही.

पालक वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. लातूरला क्लासला पोर ठेवलंय, दर आठवड्याला परीक्षा, गुणानुक्रम भिंतीवर. संस्थेला वाटतं आपण प्रबलन देतोय. वरच्या काही नावांपुरतं ते खरंही असेल. बाकीच्यांच्या बाबतीत रविवारची सकाळ, उत्तरपत्रिकेचा कागद आणि भिंतीवरची यादी यांची जोडी जुळत जाते, आणि मग रविवारी नाष्टा जात नाही. माझ्या भाच्याचं असं झालं, तेव्हा त्याला जास्त गुणांसाठी मोबाइल कबूल करण्यात काही अर्थ नव्हता. त्याच्या खोलीवर जाऊन, त्याच वेळेला, तशाच कागदावर, गुण न मोजता पेपर सोडवायला बसवलं, शेजारी मी चहा घेत पेपर वाचत बसलो. बरं वाटलं त्याला. किती गुण वाढले ते विचारू नका.

तर तुमच्यासाठी. पहिलीचा वर्ग असेल, लेकरं शाळेला भीत नसतील आणि प्रश्न फक्त सवयी लावायचा असेल, तर स्किनर बिनदिक्कत घ्या. बक्षीस वस्तूचं ठेवू नका, आणि नावांचा तक्ता भिंतीवर लावू नका, एवढंच सुचवेन. उत्तर ताबडतोब कळण्याची सोय मात्र कुठल्याही वर्गात ठेवा. वर्गात आधीच करंगळ्या वर होत असतील, तर माझ्या मते सुरुवात पाव्हलोव्हकडून करावी, आणि स्टारचा विचार त्यानंतर.

आणि शाळा ऊसतोडीच्या पट्ट्यातली असेल तर मला फारशी शंका वाटत नाही. दिवाळीच्या आसपास टोळ्या जातात, काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बरीचशी आईबापाच्या कोयत्यासोबत फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर फळ्यावर भागाकार आलेला असतो. त्या लेकराला पहिल्याच दिवशी तक्त्यावर आपल्या नावापुढचे सगळे चौकोन रिकामे दिसतात. त्याला पहिले काही दिवस काही विचारू नका, फळ्याजवळ बोलावू नका. फडावर उसाच्या मोळ्या त्यानं मोजलेल्या असतातच. चिंचोक्यांचे वाटे घालताना त्याला शेजारी बसवून घ्या, वही नंतर बघता येईल.